पाठीकडचा फोटो

वर्षालीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या आहेत, हे काशीबाईने सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. पुढे वाडीत लोक म्हणाले, म्हातारीच्या लक्षातच आलं नाही. ते साफ खोटं. कुणाच्या टोपलीतला बांगडा कालचा आणि कुणाचा आजचा, हे दहा हातांवरून सांगणारी बाई ती. तिच्या नजरेतून काय सुटणार? सुनेच्या मनगटात काकणं रुतलेली तिला दिसली आणि त्याचं कारणही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चूक झाली ती कारण ठरवण्यात.

२००६ सालचा भाद्रपद होता. गणपती जाऊन आठवडा झाला होता आणि मालवणच्या किनाऱ्याला बांगडा असा लागला होता की रापणीची जाळी ओढता ओढता माणसं थकून वाळूत बसायची. इतका मासा आला की बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. मग खारवायचा. काशीबाईच्या घरामागे माडांच्या झावळांचा मांगर होता, त्यात तीन पिंपं. सकाळी चहा झाला की काशीबाई विळी घेऊन बसायची, बांगड्याचं पोट फाडून आतलं काढायची आणि समोर टाकायची. वर्षाली त्यात मीठ भरायची, थर लावायची, वर पुन्हा मीठ. दुपारपर्यंत दोघींच्या कोपरापर्यंत खारं पाणी चढलेलं असायचं.

"आये, माझे हात बघ गो," वर्षाली म्हणाली. "मूठ मिटाक जमना नाय."

"मिठाचे हात ते. माझे चाळीस वर्सां सुजतत." काशीबाईने विळीवरून मान वर केली नाही. "तुमच्या वालावलीक भाताच्या चिखलात नाचलंस, मिठाक कधी हात लावलंस?"

"पायव सुजलेत."

"पोटुशी बायलेचे पाय सुजतले नायतर काय माझे सुजतले?"

वर्षाली हसली. सासूच्या बोलण्याला हसायचं, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. शेतकऱ्याच्या घरातून आलेली पोर; आली तेव्हा जिवंत खेकडा बघून ओट्यावर चढली होती. काशीबाईने तिला हाताला धरून सगळं शिकवलं. चार वर्षांत दोनदा पोटातलं टिकलं नाही. दुसऱ्या खेपेला शेजारची एक बाई म्हणाली, सुदेशला दुसरी बघ. काशीबाईने टोपलीतलं माशांचं पाणी तिच्या अंगावर ओतलं आणि वर, "आता घराक जा आणि दुसरा लुगडा बघ," असं सांगितलं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एकुलता एक झील सुदेश मचव्यावर, घरात ह्या दोघीच. तेव्हा काशीबाईचा सुनेवर जीव नव्हता असं कुणी म्हणत असेल तर त्याला त्या घरातलं काही माहीत नाही.

यावेळी मात्र सातवा महिना उलटला होता. ओटी भरून झाली होती. काशीबाई उठता बसता दिवस मोजत होती. पोर, पोर आणि पोर. दुसरं तिला काही सुचत नव्हतं.

चार दिवसांनी वर्षालीचं डोकं दुखायला लागलं ते थांबेना. काशीबाईने आलं उगाळून लावलं, फडकं बांधलं, शेवटी कुडाळच्या वाटेवरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मुंबईत शिकून आलेला परुळेकर म्हणून एक तरुण डॉक्टर होता. नर्सने वर्षालीच्या दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. मग डॉक्टरला बोलावून आणलं. लघवी नळीत घेऊन दिव्यावर तापवली, तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखी साखळली.

"डोळ्यांपुढे काही चमकतं का?" डॉक्टरने विचारलं.

वर्षालीने सासूकडे पाहिलं. घरी अजून दीड पिंप बांगडा उघडा पडला होता. "नाय," ती म्हणाली.

मग आतल्या खोलीत नेऊन पोटाला थंड चिकट काहीतरी लावलं आणि मशीन सुरू केलं. डॉक्टरने एक बटण दाबलं, आणि खोलीभर आवाज घुमायला लागला. मचव्याचं इंजिन लांबून येताना वाजतं तसा, भरभर आणि एकसारखा.

"बाळाचे ठोके. ऐका," डॉक्टर म्हणाला.

काशीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मशीनला हात जोडले. "बरा आसा मां?"

"बाळ छान आहे. जरा लहान आहे, पण छान आहे." डॉक्टरने वर्षालीच्या खांद्याला हात लावला. "आता कुशीवर वळा. पाठीकडून बघायचंय."

"पाठीत खंय पोर आसता, डॉक्टरानु?"

"पोर नाही, आजी. यांची मूत्रपिंडं बघायचीत."

तो बराच वेळ बघत होता. कंबरेच्या वर, बरगडीखाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. यावेळी मशीनमधून येणारा आवाज वेगळा होता. एक ठोका आणि मग नुसतं काही नाही, पुन्हा एक ठोका. डॉक्टरने आकडे वहीत लिहून घेतले. मग तो स्टूल ओढून काशीबाईसमोर बसला.

"गरोदरपणात रक्तदाब असा चढला की मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त अडखळत जातं. किती अडखळतंय ते या मशीनवर मोजता येतं. सगळीकडे अजून असं बघत नाहीत. मी वर्षभर बघतोय, तेव्हा छातीठोक सांगत नाही. पण ज्या बायकांचा आकडा इतका वर होता, त्यांच्यातल्या कितीतरी जणींची लघवी बाळंतपणाच्या वेळी बंद पडली. यांचं तसं होईल अशी मला भीती वाटते."

"म्हणजे पोराक काय होतला?"

"बाळाला नाही, आजी. यांना. आजच्या आज गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी चिठ्ठी देतो, गाडी बघतो."

"झील दर्यात आसा. परवा येतलो. तेका न सांगता कशी नेव?"

"परवापर्यंत थांबू नका."

"मगे फाल्या सकाळी जातंव," काशीबाई म्हणाली.

डॉक्टर घुटमळला. बाहेर बाकावर आणि व्हरांड्यात बायका बसल्या होत्या, एक पोर रडत होतं. "उद्या सकाळी म्हणजे सकाळीच," तो म्हणाला, गोळ्या दिल्या आणि दोन फिल्म हातात ठेवल्या. एक पोटाची, एक पाठीकडची.

एस्टीत काशीबाईने पोटाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि सगळी वाट ती बघत आली. "ह्यां नाक. अगदी सुदेशाचा नाक." वर्षालीही वाकून बघत होती. दुसरी फिल्म गुंडाळून पिशवीत पडली होती, कोथिंबिरीच्या जुडीखाली.

घरी येऊन सुनेला आडवं केलं आणि काशीबाई सरळ देवळात गेली. तिच्या घरात चार पावलं टाकायची तर देवाला विचारून टाकायची अशी रीत होती. नवा मचवा, लग्न, गोव्याची वाट, काहीही असो. गुरव दाजी देवळातच होते, समया घासत बसले होते.

"दाजीनु, कौल लावूचो आसा."

दाजींनी हात धुतले. कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला चिकटवल्या. उजवी आधी सुटली तर देवाची हो, डावी सुटली तर ना. "काय विचारूचा?" त्यांनी विचारलं.

"सुनेक गोंयाक नेवक सांगतत. तिचा कसा, पोराचा कसा, न्हेवचा काय नाय..."

"असा न्हय, काशीबाय. एका कौलात एकच गजाल. चार गजाली घालशीत तर देव खंयचीची जबाब देतलो? मनात काय आसा ता नीट सांग."

काशीबाईने हात जोडले. मनात काय आहे हे बघायला तिला फार वेळ लागला नाही. गेल्या चार वर्षांत तिथे एकच गोष्ट होती.

"माझ्या सुनेच्या पोटातला पोर जिता आणि धडधाकट भायर येतला तर उजवो दी म्हाराजा."

दाजींनी गाऱ्हाणं घातलं. बाहेर माडांत वारा होता. पाषाणावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला, आणि उजवी कळी अलगद सुटून देवाच्या पायाशी पडली. डावी हललीसुद्धा नाही. काशीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने नारळ ठेवला, दाजींच्या पाया पडली, आणि देवाच्या समयांसाठी गोडं तेल आणायला दुकानात गेली. दुसरा कौल लावायला तिला कुणी मनाई केली नव्हती. दाजी तिथेच होते, कळ्या ताटात होत्या, देव कुठे जाणार होता? पण तिला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोव्याला गेली नाही. "देवान उजवो दिल्यान. सुदेश येवने, मगे तिगांय जाव," तिने सांगितलं.  दोन घास मऊ पेज आणि खारातली कैरी खाऊन वर्षाली मांगरात येऊन बसली.

"तू नको येव. निज जा."

"पडान रवलंय काय डोक्या जास्ती दुखता," वर्षाली म्हणाली आणि मिठाचा पाट पुढे ओढला.

त्या दिवशी दुपारी दर्याकडून वावटळ उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक तावदान गणपतीतच फुटलं होतं, तिथून पावसाची झड चुलीवर येत होती. काशीबाईने इकडेतिकडे बघितलं, पिशवीतली गुंडाळी काढली आणि त्या भोकात चार खिळे मारून बसवली. चांगली जाड होती, पाणी लागू देत नव्हती. पोटाची फिल्म तिने देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्षाली पिंपाशी वाकलेली असताना म्हणाली, "आये, माका बांगडे दोन दोन दिसतत." काशीबाई विळी सोडून उठेपर्यंत ती खाली पडली होती. दात घट्ट मिटलेले, डोळे वर गेलेले, हातपाय ताठ होऊन झटके देत होते, आणि मिठाने भरलेल्या मुठी आता अगदी घट्ट मिटल्या होत्या. काशीबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि किनारा हादरेल अशी हाक मारली. नेमका त्याच वेळी सुदेशचा मचवा लागला होता. तो तसाच ओल्या चड्डीत धावत आला.

जीप सावंतवाडीवरून, बांद्यावरून सुसाट गेली. बांद्याच्या बाजारात ओळखीच्या बायका मासे विकत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, काशीबाईला तो दिसला नाही. मांडीवरच्या वर्षालीच्या रक्ताने तिचं लुगडं भिजत होतं आणि ती घरच्या देवाला सारखं एकच बजावत होती, उजवो दिलंस मां, उजवो दिलंस मां.

आणि देव खोटा पडला नाही. गोव्यात पोट चिरून मुलगी काढली. पावणेदोन किलोची, पण काचेच्या पेटीत ठेवली तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी रडत होती. नर्स म्हणाली, तेज आहे. सुदेश भिंतीला टेकून हसत होता आणि रडत होता.

वर्षालीच्या मनगटात सुई घालायची म्हणून नर्सने बांगड्या कापल्या. काशीबाई तिथेच उभी होती. सवाष्णीच्या काकणाला कातर लागलेली बघून तिने एरवी दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी तिने फक्त तुकडे पदरात वेचले. बांगड्या निघाल्या तरी मनगटावरचे वळ गेले नाहीत. हिरव्यांच्या जागी जांभळे, एकाखाली एक सात.

खाटेखाली लघवीची पिशवी लावली होती. काशीबाईला कुणी काही समजावलं नाही, पण पिशवी तिला कळली. चोवीस तास ती त्या पिशवीकडे बघत बसली. तळाशी चहाच्या रंगाचे दोन चमचे पाणी आलं होतं ते तेवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तितकंच. तिसऱ्या दिवशी नर्स ओतायला आली आणि न ओतताच गेली.

मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली नाहीत. आठवडे गेले, महिना गेला. मुलगी पेटीतून बाहेर आली, तिचं नाव रिया ठेवलं, आणि वर्षालीच्या मानेजवळ नळी बसली. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं. सकाळी सहाची पणजी एस्टी, संध्याकाळची परत. दर मंगळवार, दर शुक्रवार. सुदेश मचव्यावर, म्हणून सोबतीला काशीबाई. चाळीस वर्षं डोक्यावर असलेली टोपली तिने मांगरात पालथी घातली. पिंपंही रिकामीच राहिली. वर्षालीला आता मीठ चालत नव्हतं, आणि दिवसभरात दोन भांड्यांवर पाणीही चालत नव्हतं. दर्याकाठच्या घरात ती बर्फाचा खडा चोखत बसायची.

एकदा वाटेत काशीबाई परुळेकर डॉक्टरकडे उतरली. भांडायला गेली होती. काय भांडायचं ते तिने एस्टीत ठरवलं होतं. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा यांचा आकडा. मला दिसला होता, आजी. मी लिहून ठेवला आणि तुम्हाला घरी जाऊ दिलं." त्याने वही मिटली. "तुम्हाला मी आधी बाळाचे ठोके ऐकवले. सगळ्यांना तेच आधी हवं असतं. आता मी तसं करत नाही. आता आधी पाठ बघतो, आईचं सांगतो, आणि गाडीत बसल्याशिवाय बाळाचा आवाज ऐकवत नाही."

काशीबाईला भांडता आलं नाही. वाईट एवढंच वाटलं, की हा शहाणपणा त्याला आपल्या सुनेच्या जिवावर आला.

वर्ष उलटलं. पुन्हा भाद्रपद आला, गणपती गेले. त्या शुक्रवारी परतीच्या एस्टीत बांदा मागे पडल्यावर वर्षालीने खिडकीवरचं डोकं उचललं. चेहरा राखेसारखा झाला होता. मशीनवरून उतरली की ती अशीच दिसायची.

"आये, तेवा देवाक तू काय इचारलंस गो?"

हा प्रश्न येणार हे काशीबाईला वर्षभर ठाऊक होतं. उत्तर तयार होतं. "तुमचा दोगांचा इचारलंय."

"दाजीनी माका कधीच सांगल्यानी."

एस्टी एका खड्ड्यातून गेली. काशीबाईने पुढच्या बाकाची दांडी धरली. 

"राग नाय गो माका," वर्षाली म्हणाली. "राग करूचो तर कोणार करू? डॉक्टर म्हणालो, यांना धोका आहे. मिया आयकलंय. आणि तेका काय इचारलंय? बाळ कधी हलता, ह्यां. डोळ्यासमोर चमकता ता मिया लपवलंय. एस्टीत तू पोटाचो फोटो बगलंस, मियाय तोच बगलंय. दुसरो माझो होतो. माझो म्हणान मियाय बगूक नाय." ती पुन्हा खिडकीला टेकली. "खंय आसा गो तो?"

"आसा घरात," काशीबाई म्हणाली.

घरी आल्यावर वर्षाली ओटीवर आडवी झाली. शेजारणीने रियाला भरवून निजवलं होतं. उजेड अजून होता. काशीबाई स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीचे खिळे नखांनी उपटायला लागली. फिल्म चुलीच्या धुराने पिवळी पडली होती, एका कोपऱ्याला बुरशी होती. तिने ती उजेडात धरली. एक करडा डाग, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, आणि त्याखाली लहान लहान डोंगर काढल्यासारखी रेघ. प्रत्येक डोंगर टोकदार वर चढलेला आणि मग एकदम तळाला बसलेला. हे वर्षभर तिच्या डोळ्यांसमोर होतं. भाजी परतताना, भात वेळताना. तिने पदराने ती पुसली आणि देव्हाऱ्याशेजारी रियाच्या त्या पोटातल्या फोटोच्या बाजूला लावली. मग काही वेळ तिथेच उभी राहून रडली. खिडकीतून वारा आत येत होता.

ती ओटीवर आली, सुनेच्या उशाशी बसली. वर्षालीचा हात तिने आपल्या हातात घेतला. हात आता सुजलेला नव्हता. हाडाला कातडी लागली होती, आणि नव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"कसा वाटता गो?" काशीबाईने विचारलं.

"बरा आसा," डोळे न उघडता वर्षाली म्हणाली. "दूध पियाला, आताच निजला. सकाळपासून खोकूकव नाय म्हणतत."

"चेडवाचा न्हय, बाये. तुझा इचारतंय."

वर्षालीने डोळे उघडले. सासू कुणा दुसऱ्याशी बोलतेय की काय, तशी तिने आधी दाराकडे नजर टाकली, मग काशीबाईकडे बघितलं.  काशीबाईने हात सोडला नाही. उत्तराची वाट बघत ती तशीच बसून राहिली.